सातपुड्याकडचे सोयरे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदीतले रस्ते पोरांचे असतात. आदल्या दिवशी खरे बैल तोरणाखालून जाऊन आलेले असतात, त्यांच्या शिंगांवरचा बेगड अजून उतरलेला नसतो. दुपार कलली की लाकडी बैल बाहेर निघतात. काही तळहातावर मावणारे, काही सुताराकडून खास घडवून घेतलेले. आणि मग ते मोठे नंदी. चाकांवरचे, सागाचे, दोरी धरून उभ्या राहिलेल्या पोराचं डोकं त्यांच्या पोटाला लागेल एवढ्या उंचीचे. कुणाच्या तरी पणजोबानं करून घेतलेला तो नंदी वर्षभर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. त्या दिवशी त्याला पुसून, तेल लावून, कपाळाला मठाटी बांधून, अंगावर झूल घालून बाहेर काढतात. पोरं घरोघरी बोजारा मागत फिरतात आणि मोठी माणसं खिशात सुटे पैसे ठेवूनच दाराशी बसतात. शंभरावर वर्षं हा तान्हा पोळा आमच्या गावात भरतो आहे, आणि तो पाहायला शेजारच्या जिल्ह्यांतून माणसं येतात.

त्याच दिवशी, पन्नासेक किलोमीटरवर नागपुरात, काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात. गावाची रोगराई घेऊन जा म्हणून तिला हाकारत अख्खं शहर रस्त्यावर येतं. आणि त्याच दिवशी, नागपूरच्या वर काटोल-नरखेड ओलांडलं की लागणाऱ्या पांढुर्ण्यात, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्हीकडून दगड चालतात. या दगडफेकीला गोटमार म्हणतात. एका गावचा मुलगा दुसऱ्या गावच्या मुलीला घेऊन निघाला आणि नदीत दोघं अडकले, अशी तिची कथा सांगतात. माणसं जखमी होतात, कधी जीवही गेलेले आहेत. मला ती गोटमार कधीच आवडली नाही. सणाच्या दिवशी कुणाच्या घरात रडारड व्हावी हे मनाला पटत नाही. पण पोळ्याचा दुसरा दिवस धरून चालणारी ही तीन गावं एकाच पंचांगाची आहेत, हे मात्र मी लहानपणापासून पाहत आलो. आणखी पूर्वेला गेलं तर छत्तीसगडातही पोळ्याला पोरं मातीचे बैल ओढतात, त्यांना तिकडं नांदिया बैल म्हणतात.

सिंदी आणि नागपूर महाराष्ट्रात. पांढुर्णा मध्यप्रदेशात. आमची थोरली आत्याबाई पांढुर्ण्याला दिलेली. ती माहेरी आली की आजी पहिल्यांदा पोळ्याची चौकशी करायची, मग पिकाची, मग नातवंडांची. ती परराज्यातून आली आहे असं घरात कुणाच्या बोलण्यात कधी आलं नाही.

हे परराज्य झालं केव्हा, याचा विचार मी फार उशिरा केला. आमच्या गावच्या नावापुढं कंसात रेल्वे लागते, कारण वर्ध्याजवळ दुसरी एक सिंदी आहे, मेघ्यांची. आमची सिंदी तुळजापूर आणि बोरखेडी या स्टेशनांच्या मधली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले, ते याच वाटेनं. ते रूळ टाकले गेले तेव्हा मुंबई आमच्यासाठी दुसऱ्या प्रांताचं शहर होतं. कापूस तिकडं जायचा, कागद मात्र नागपूरला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारसाविना वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं, आणि १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख व सागर-नर्मदेकडचा मुलूख एकत्र करून मध्यप्रांत तयार झाला. पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड निजामाच्या नावावर राहून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, तो १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे जबलपूर, सागर, रायपूर, छिंदवाडा, बैतूल आणि आमचं वर्धा यांचा संसार जवळजवळ शंभर वर्षं एका छपराखाली चालला. मराठी बोलणारे आठ जिल्हे आणि हिंदी बोलणारे बाकीचे. राजधानी नागपूर. उन्हाळ्यात साहेबलोक पचमढीला जायचे.

तो संसार गोडीगुलाबीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या घरातली मोठी भांडणं आमच्याच जिल्ह्यात निकालात निघाली. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले, तेव्हाचा शब्द पंतप्रधान. मंत्रिमंडळात महाकोशलचे, म्हणजे हिंदी भागाचे, तीन मंत्री होते, रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. खऱ्यांचं आणि त्यांचं पटेना. पचमढीला समझोता झाला, तो टिकला नाही. १९३८ च्या जुलैत खऱ्यांनी गोळे आणि देशमुख या मराठी सहकाऱ्यांसह राजीनामा दिला, गव्हर्नरनं महाकोशलच्या तिघांना काढलं, खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ केलं आणि काही दिवसांतच त्यांना तेही सोडावं लागलं. काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यात बसली, गांधीजी सेवाग्रामात होते, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव, आणि खऱ्यांच्या विरोधात ठराव झाला. शुक्ल मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नागपूरच्या विधानसभेत मराठी भागाचं वेगळं राज्य करावं असा ठराव मंजूर झाला. वेगळ्या विदर्भाच्या मागणीची जुनी नोंद म्हणून आम्ही तो ठराव सांगतो. पण तेव्हा वेगळं व्हायचं होतं ते हिंदी भागापासून, मुंबईचा तिथं संबंधच नव्हता. ही गोष्ट विदर्भाच्या सभांमधून मी फारशी ऐकलेली नाही, आणि मला ती महत्त्वाची वाटते.

घरात जुन्या कागदांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एका वावराचं खरेदीखत आहे, १९५६ च्या उन्हाळ्यातलं. कागद घड्यांवर फाटलेला, मागं स्टॅम्पवेंडरची जांभळी शाई पसरलेली, आणि वर ठसठशीत अक्षरात मौजा सिंदी, तहसील वर्धा, जिल्हा वर्धा, मध्यप्रदेश. जुन्या मध्यप्रांताचं ते तेव्हाचं नाव. पुढं घेणाऱ्याच्या हक्काचा प्रकार लिहिला आहे, भूमिस्वामी. आजोबांची सही मोडीत. मी तो कागद खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ पाहिला. आजोबांनी ज्या राज्यात जमीन घेतली त्या राज्यात ती सहा महिनेही राहिली नाही. वावर तिथंच, धुरा तिथंच, धुऱ्यावरचं बाभळीचं झाड तिथंच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठही मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि मध्यप्रदेश हे नाव घेऊन उरलेला भाग भोपाळला राजधानी करून उभा राहिला. नाव त्यांच्याकडं गेलं आणि राजधानीच्या इमारती आमच्याकडं राहिल्या.

कायदा मात्र एवढ्या लवकर गाव सोडत नाही. जुन्या मध्यप्रदेशाची १९५४ ची जमीन महसूल संहिता विदर्भात पुढं अकरा वर्षं चालत राहिली. महाराष्ट्राची स्वतःची संहिता १९६६ मध्ये मंजूर होऊन १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली, तेव्हा कुठं आजोबा भूमिस्वामीचे भोगवटादार वर्ग एक झाले. त्या नव्या संहितेलाही विदर्भातल्या भूमिस्वामी आणि भूमिधारी यांची नावानिशी दखल घ्यावी लागली. पांढुर्ण्यात आत्याबाईच्या सासरच्या कागदांवर आजही भूमिस्वामीच लिहिलेलं आहे. आमच्याकडं पटवारी, कोतवाल, मौजा, निस्तार, मालगुजारी तलाव हे सगळं तिकडच्यासारखंच चालत आलं. पुणे-साताऱ्याकडचा माणूस आमचे जुने कागद वाचायला बसला तर त्याला दर दोन ओळींनी थांबावं लागतं. पांढुर्ण्याशेजारच्या सौंसरचा माणूस ते सहज वाचून जाईल.

त्या १९५६ सालाबद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं. अठरा दिवसांनी ते मध्यप्रदेशातून निघालं, आणि बाबासाहेबांचं जन्मगाव महू, जे तोवर मध्यभारतात होतं, ते मध्यप्रदेशात आलं. दीक्षाभूमी इकडं, जन्मभूमी तिकडं. दोन्हीकडं दरवर्षी आमच्या गावातून माणसं जातात. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली होती. मध्यप्रदेशाचे दोन भाग करावेत आणि मराठी मुलखाची एकच नव्हे तर चार राज्यं करावीत, असा त्यांचा विचार होता. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगानंही त्याच वर्षी आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. मध्यप्रदेशातून १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळा झाला. विदर्भ राहिला तिथंच राहिला.

नागपूरचं उच्च न्यायालय जबलपूरला गेलं. १९३६ पासून नागपूरचं आपलं उच्च न्यायालय होतं. त्याचे शेवटचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला जबलपूरला मध्यप्रदेशाचे मुख्य न्यायाधीश म्हणून गेले, पुढं देशाचे सरन्यायाधीश झाले. नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं. सचिवालयातल्या किती कारकुनांनी त्या हिवाळ्यात संसार बांधून भोपाळची गाडी धरली असेल! ज्यांची मातृभाषा हिंदी ते बहुतेक तिकडं गेले. पण कितीतरी घरं अशी होती की त्यात कुठली भाषा घरची हे ठरवणंच कठीण.

मुक्तिबोधांचं घर घ्या. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले केवढे मोठे कवी! त्यांचे सख्खे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. एका आईच्या पोटची दोन मुलं, एकानं हिंदीत लिहिलं, एकानं मराठीत, आणि दोघांनीही आपापल्या भाषेतली कविता हलवून सोडली. गजानन मुक्तिबोध नागपुरात दहाएक वर्षं राहिले, आकाशवाणीत आणि वर्तमानपत्रात काम केलं, आणि १९५८ मध्ये राजनांदगावला प्राध्यापक होऊन गेले. शरच्चंद्र नागपुरात अध्यापन करत राहिले. मराठीच्या अभ्यासक्रमात आम्हाला धाकटे मुक्तिबोध होते. थोरले मला पांढुर्ण्याच्या आतेभावाच्या हिंदीच्या पुस्तकात भेटले. दोघं भाऊ आहेत हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नाही. राज्याची वाटणी पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली की असं होतं.

वाटणीनंतर दोन चुली पेटल्या आणि दोन्हींवरचा स्वयंपाक हळूहळू वेगळा होत गेला. १९६३ हे साल मला त्या दृष्टीनं विलक्षण वाटतं. सप्टेंबरअखेरीस भोपाळला द्वारकाप्रसाद मिश्र मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबरात मुंबईला वसंतराव नाईक. दोघंही नागपूरच्या जुन्या विधिमंडळातून घडलेले. नाईक पुसदचे, शुक्लांच्या सरकारात ते उपमंत्री होते. त्यांच्याआधीचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार हेही त्याच सरकारातले मंत्री. म्हणजे एकाच सभागृहात बसलेली माणसं शेजारशेजारची दोन राज्यं चालवत होती. मिश्रांचं सरकार १९६७ मध्ये त्यांच्याच पक्षातल्या बंडानं पडलं. नाईक पुढं १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांवर मुख्यमंत्री राहिले. तालीम एकच, मग दोघांच्या वाट्याला इतकं वेगळं का आलं? मला वाटतं, राजकारणाला वळण लागतं ते फाइल कुठं जाते यानं. आमच्या फायली मुंबईला जाऊ लागल्या तेव्हा आमच्या पुढाऱ्यांना साखर कारखाने, जिल्हा बँका, सहकारी संघ यांच्या राजकारणात उतरावं लागलं, आणि त्यात पश्चिम महाराष्ट्र आधीच पुढं गेलेला होता. पांढुर्ण्याच्या फायली भोपाळला गेल्या, तिथं राजेरजवाडे होते, जुनी संस्थानं होती, आणि पुढं दोनच मोठ्या पक्षांची सरळ लढत. तोच संत्र्याचा बगीचा, तीच कपाशी, पण दाद मागायची तर दार वेगळं.

कपाशीवरून आठवलं, आणि इथं जरा थांबतो, कारण ही सीमा मला खऱ्या अर्थानं कळली ती कापसामुळं. १९७२ मध्ये महाराष्ट्रानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारच्या वतीनं घ्यायचा, व्यापाऱ्याला मधे येऊ द्यायचं नाही, राज्याबाहेर कापूस न्यायला बंदी. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. व्यापाऱ्याच्या काट्यावर नागवलेल्या कास्तकाराला हमीचा भाव मिळणार होता, आणि काही वर्षं तो मिळालाही. पण केंद्रावर गाडी लावायची, ग्रेडरनं प्रत ठरवायची, काटा व्हायचा, पहिला पैसा हातात यायचा आणि उरलेल्या चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने वाट पाहायची. पोरीचं लग्न काही चुकाऱ्यासाठी थांबत नाही. मध्यप्रदेशात अशी योजना नव्हती. सौंसर-पांढुर्ण्याकडं जिनिंग होत्या आणि व्यापारी रोकड मोजत होता.

मग नरखेडकडच्या आमच्या सोयऱ्यांच्या गाड्या रात्री निघायच्या. हे मी आत्याबाईच्या यजमानांच्या तोंडून ऐकलेलं आहे. अमावस्येच्या मागंपुढं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून घरी ठेवायच्या, चाकाच्या आखाला भरपूर वंगण घालायचं, बिडी पेटवायची नाही. ओळखीच्या पांदणीनं, नाका टाळून, पहाटेच्या आत पलीकडं. पलीकडं गेलं की पहिलं गाव सोयऱ्याचंच. तिथं बैल सोडायचे, चहा प्यायचा, अंगाला चिकटलेला कापूस झटकायचा. "चोरी करून रायलो असं कधी वाटलं नाही गा," ते सोयरे म्हणायचे, "आपला कापूस आपल्या सोयऱ्याच्या गावी नेऊन रायलो, इतकंच वाटे." आणि ज्या वर्षी महाराष्ट्राचा भाव वरचढ असायचा त्या वर्षी याच पांदणीनं मध्यप्रदेशचा कापूस इकडं यायचा, इकडच्याच सोयऱ्याच्या सातबारावर विकला जायचा. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही बंदीच मोडायची भाषा केली, ती विदर्भात इतकी पटली यात मला नवल वाटत नाही. कास्तकाराचं मन त्या सीमेवर आधीच नव्हतं.

मतपेटीतून मात्र दोन्हीकडचं वेगळेपण दिसतं, आणि कधीकधी जुनं नातंही. १९७७ मध्ये आणीबाणीनंतर उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली. मध्यप्रदेशातल्या चाळीस जागांपैकी एकच काँग्रेसला मिळाली, छिंदवाड्याची. नागपूरला लागून असलेली तीच. आणि नागपूरच्या खाली विदर्भातल्या बहुतेक जागा काँग्रेसकडं राहिल्या, वर्ध्याचीही. त्या नकाशात छिंदवाडा भोपाळचा वाटत नाही, आमचा वाटतो. पुढं वर्ध्यानं १९९१ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून दिले. मध्यप्रदेशाच्या त्या मोठ्या सरळ लढतीत असं काही सुचलंही नसतं. २०२३ मध्ये मध्यप्रदेशात भाजपनं २३० पैकी १६३ जागा घेतल्या, तरी छिंदवाडा आणि नुकताच वेगळा जिल्हा झालेला पांढुर्णा इथल्या सातही जागा काँग्रेसला गेल्या. सहाच महिन्यांत, २०२४ च्या लोकसभेला, तिथल्या एकोणतीसच्या एकोणतीस जागा भाजपच्या, छिंदवाड्यासकट. त्याच निवडणुकीत वर्ध्यानं शरद पवारांच्या पक्षाचे अमर काळे निवडून दिले. आणि मध्यप्रदेशात २०२३ मध्ये सुरू झालेली लाडली बहना पुढच्या वर्षी लाडकी बहीण होऊन आमच्या दारात आली. तेव्हा आत्याबाईच्या सुनेला साडेबाराशे मिळत होते, आमच्या घरच्या सुनेला पंधराशे. फोनवर दोघींचं त्यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि त्या बोलण्यात हेवा नव्हता, हिशेब होता.

जगात असे शेजारी आणखीही आहेत. अमेरिकेत व्हर्जिनियाचे पश्चिमेकडचे डोंगराळ जिल्हे यादवी युद्धात फुटले आणि १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया झाले. आज अध्यक्षाच्या निवडणुकीत कोळशाच्या खाणींचा वेस्ट व्हर्जिनिया २००० पासून रिपब्लिकनांकडं आहे आणि वॉशिंग्टनच्या उपनगरांनी वाढलेला व्हर्जिनिया २००८ पासून डेमोक्रॅटांकडं. त्यांची वाटणी रक्तानं झाली. भोपाळ आणि नागपूर यांची संसदेतल्या एका कायद्यानं झाली, कुणी कुणावर दगड उगारला नाही. म्हणूनच असेल, आम्ही ती विसरून गेलो. बेळगाव आम्हाला आठवतं, तिथल्या माणसांच्या दुःखानं मराठी माणूस अजून कळवळतो, आणि कळवळायलाच हवं. सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत मराठी बोललं जातं हे मात्र पुण्या-मुंबईत सांगावं लागतं.

विदर्भाच्या माणसाला विचारा. तो सांगेल, नागपूर एकेकाळी राजधानी होतं, ते आमच्याकडून गेलं. त्यात तथ्य आहे. १९५३ च्या नागपूर करारानं दिलेल्या आश्वासनांपैकी हिवाळी अधिवेशन तेवढं डोळ्यांना दिसतं. पण कशाची राजधानी होतं, कुणाकुणाची, हे तो सांगत नाही. राजधानी गेल्याचं आम्हाला दुःख आहे, सोबती गेल्याचं नाही. मला हे खुपतं. शंभर वर्षं ज्यांच्याबरोबर एकाच कचेरीच्या पायऱ्या चढलो, एकाच तुरुंगात बसलो, १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात जबलपुरात उचललेला झेंडा ज्यांच्याबरोबर नागपुरात पुढं नेला, ती माणसं आमच्या मागणीच्या, गाऱ्हाण्याच्या, अभिमानाच्या कुठल्याच वाक्यात नसतात.

सामान्य माणसं मात्र जातात. महाशिवरात्रीला आमच्या भागातून खांद्यावर त्रिशूळ घेऊन माणसं पचमढीच्या चौरागडावर चढतात. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारची यात्रा भरते, पावसात, निसरड्या दगडांवरून, आणि त्या यात्रेत मराठीच जास्त ऐकू येते. माझी आई गुडघे धरून तीन दिवस चालली होती. सौंसरजवळ जामसावळीचा निजलेला मारुती, तिथं शनिवारी विदर्भातल्या गाड्यांची रांग असते. वर्धा नदी, जिच्यावरून आमच्या जिल्ह्याला नाव पडलं, ती उगम पावते मुलताईजवळ, बैतूल जिल्ह्यात. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गांधी-विनोबांच्या नावानं केलेली. १ एप्रिल २०२५ पासून मध्यप्रदेशानं आपल्या काही तीर्थक्षेत्रांच्या गावांत दारूबंदी केली, त्यात तापीच्या उगमाची मुलताईही आहे. कारणं वेगळी, सरकारं वेगळी. दारूबंदी कागदावर किती आणि गल्लीत किती हे दोन्हीकडच्या बाया सांगतील, आणि दोन्हीकडच्या बायांचं ऐकलं पाहिजे.

सरकारं एकमेकांशी बोलतात ती पाण्यावरून. पेंच नदीवर वरच्या अंगाला, चौरईला, मध्यप्रदेशानं धरण बांधलं आणि २०१९ च्या कोरड्या पावसाळ्यात नागपूरला दिवसाआड पाणी आलं. तेव्हा कुठं नागपूरकरांना नकाशा उघडावा लागला. पेंचच्या जंगलाला दोन राज्यांचे दोन व्याघ्रप्रकल्प आहेत, आणि वाघ दोन्हीकडं मोजले जातात. पाण्याचे करार होतात, वाघांची गणना होते. माणसांचं काय?

आत्याबाईची नात यंदा बारावी झाली. घरात मराठी, शाळेत हिंदी, दोन्हींत सारखीच चटपटीत. तिला नागपूरला शिकायचं होतं. नागपूर तिच्या घरापासून रेल्वेनं शंभरेक किलोमीटर, भोपाळ त्याच्या जवळजवळ तिप्पट. तिच्या पणजोबांची मॅट्रिकची परीक्षा नागपूरच्या बोर्डाची. पण अर्ज भरताना अधिवासाचा रकाना आला आणि ती बाहेरच्या राज्याची ठरली. महाराष्ट्रानं कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी प्रवेशात सोय ठेवलेली आहे, आणि ती योग्यच आहे. सातपुड्याकडच्या मराठी मुलांसाठी तशी सोय नाही, कारण तिथं वादच नाही. ज्या शेजाऱ्यांनी भांडण केलं नाही त्यांच्या लेकरांना भांडण नसल्याचा तोटा का व्हावा? यासाठी आयोग नको, मोर्चा नको. मुंबईच्या मंत्रालयातून एक शासन निर्णय निघाला तर पुरे, आणि तिकडं भोपाळनं गोंदिया-भंडाऱ्याच्या हिंदीत शिकलेल्या मुलांसाठी असाच एक काढावा. मी हे दोन्हीकडच्या ओळखीच्या लोकप्रतिनिधींना लिहून कळवलं आहे. पोरीनं तोवर छिंदवाड्याला प्रवेश घेतला आहे, आणि पोळ्याला ती आत्याबाईला घेऊन सिंदीला यायची आहे.